आईच्या नावावर चालणारी उपासना

कमिटीच्या मीटिंगला बसले की माझा पाय हलायला लागतो. टेबल जुनं आहे, त्याचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे माझ्या पायाबरोबर टेबलही हलतं आणि सगळ्यांच्या चहावर लाटा उठतात. सेक्रेटरीकाका चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. मग मी पाय आवरते. दोन मिनिटांनी तो पुन्हा सुरू झालेला असतो.

लोकांना वाटतं चर्च पाळकसाहेब चालवतात. पाळकसाहेब उपदेश करतात, लग्नं लावतात, माती देतात. चर्च चालवते ती कमिटी. आमचं चर्च इंग्रजांच्या काळातलं, मूळ अँग्लिकन, सुरतच्या जुन्या भागात. गच्चीची गळती, नाताळचा मांडव, कबरस्तानाची भिंत, कोणता माईक घ्यायचा, पाठ कोणी वाचायचा, घंटेचा दोर कोणी बदलायचा, हे सगळं कमिटी ठरवते. एकदा सतरंज्यांच्या रंगावरून आम्ही इतके भांडलो की शेवटी जुन्याच सतरंज्या धुऊन आणल्या. या कमिटीत मी एकटीच मराठी. बाकी सगळे गुजराती. माणसं चांगली आहेत, पण चांगल्या माणसांबरोबर दोन तास बसणं हीसुद्धा एक तपश्चर्याच आहे.

आमच्या कमिटीची एक रीत आहे, ती मी दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये पाहिली नाही. ज्याचं म्हणणं मीटिंगमध्ये पडेल त्यानंच शेवटची प्रार्थना करायची. कोण्या जुन्या पाळकानं ही रीत घातली म्हणतात. माणूस हरून, तोंड पाडून, घुश्शात घरी जाऊ नये. देवासमोर दोन शब्द बोलून, राग तिथंच ठेवून जावा, हा हेतू. आणि त्याचं आमेन झालं की त्या विषयावर कोणी चकार शब्द काढायचा नाही. सेक्रेटरीकाका या रीतीचे पक्के राखणदार. रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेत, वेळ आणि नियम त्यांच्या हाडात मुरलेत. आमेननंतर कोणी 'पण' म्हणालं तरी ते हात वर करतात, फाटक पाडल्यासारखा.

मी या रीतीनुसार पुष्कळ प्रार्थना केल्या आहेत. माझं म्हणणं पडायची सवय आहे मला. प्रार्थना मी गुजरातीत करायची, सगळ्यांना कळावी म्हणून.

आमच्याकडे रविवारी दोन उपासना. साडेसातला मराठी, दहाला गुजराती. एके काळी मराठी उपासनेला बाकं भरायची. नगर, नाशिक, खानदेशाकडून नोकरीला आलेली ख्रिस्ती कुटुंबं: रेल्वेतली, दवाखान्यातली, मिलमधली. माझी आई नगर जिल्ह्यातली, सुरतच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली आणि इथंच राहिली. आता त्या कुटुंबांतले म्हातारे एकेक करून कबरस्तानात गेले, आणि मुलं दहाच्या उपासनेला जाऊन बसली. तिथं गिटार असते. माझी स्वतःची मुलगीच तिथं गिटार वाजवते. मराठी समजतं का विचारलं तर म्हणते, "समजतं ना मम्मी, थोडं थोडं." हे थोडं थोडं म्हणजे 'जेवायला ये' आणि 'पंखा बंद कर' एवढंच.

आई माझ्यासारखी चुळबुळी नव्हती. ती आयुष्यभर शांत बाई. वॉर्डात गडबड झाली की तिला बोलवायचे. आता तिचं डोकं तिला साथ देत नाही. तिला विसर पडायला लागला तेव्हा पहिल्यांदा गेली ती गुजराती. नोकरीत सगळा जन्म ती गुजराती बोलली, पेशंटांशी गुजरातीत भांडली, गुजरातीत त्यांचे डोळे मिटले. आणि एके दिवशी शेजारीण दारात येऊन "केम छो बा?" म्हणाली, तर आई माझ्याकडे बघून विचारते, "ह्या काय म्हणतायत गं?" डॉक्टर म्हणाले, असं होतं, जे शेवटी शिकलो ते आधी जातं. मागं राहिली ती लहानपणाची मराठी.

घरात ती दिवसभर फिरते. दाराची कडी उघडते, लावते. पर्स काखेत घेऊन जिन्यात उभी राहते. "ड्युटीला उशीर होतोय," म्हणते. तिला खाली बसवलं की हातांना काम हवं. पदराचं टोक गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. तिच्यामागं फिरून मीही तशीच झाले आहे. रात्री झोपेतसुद्धा कडीचा आवाज येतोय की काय म्हणून कान टवकारलेले असतात.

फक्त एक तास असा होता की ती थांबायची. रविवारी साडेसातला दुसऱ्या बाकावर बसवलं, डोक्यावर पदर घेतला, की हात मांडीवर पडून राहायचे. पाळकसाहेबांनी एक ओळ म्हटली की पुढची ओळ आई म्हणायची, पुस्तक न उघडता, एकही शब्द न चुकता. घरी स्वतःचं नाव विचारलं तर ती थबकते. तिथं अख्खा पापांगीकार, पापं कबूल करायची ती लांबलचक प्रार्थना, तोंडपाठ. मला त्या तासात तिच्याकडे बघायला आवडायचं. खरं सांगते, मी त्या तासासाठीच जगत होते. उपासनेत माझं लक्ष कमीच असायचं. मी नुसती श्वास घ्यायची.

म्हणून सेक्रेटरीकाकांनी मीटिंगमध्ये विषय काढला तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. ते म्हणाले, मराठी उपासनेला आता मूठभर माणसं येतात. पाळकसाहेबांना एका सकाळी दोनदा तेच करावं लागतं, त्यांचाही घसा बसतो. चर्च उघडायला मला उजाडायच्या आत निघावं लागतं, माझे गुडघे गेलेत. एकत्र बसूया ना. एकच मंडळी, एकच उपासना. मध्ये एखादं मराठी गीत घेऊ.

ते वाईट बोलत नव्हते, हाच त्रास होता. वाईट बोलले असते तर मी भांडले असते.

"गुजरातीत आई बसणार नाही," मी म्हणाले.

"तमारी दीकरी तो दस वाग्ये ज आवे छे," ते म्हणाले. तुमची मुलगी तर दहालाच येते. टेबल जोरजोरात हलायला लागलं.

पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. पुढच्या महिन्यात एका रविवारी कमिटीतल्या दोघांनी मराठी उपासनेला येऊन बसावं, मंडळी किती आहे ते डोळ्यांनी बघावं, मग ठरवू. मी लगेच हो म्हणाले. घरी जायच्या आधीच रिक्षातून उधन्याच्या मावशींना फोन लावला.

या मावशी माझ्या सख्ख्या नव्हेत. नंदुरबारकडच्या, घरात अहिराणी. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात होता तो वारला, मुलं हजीऱ्याच्या कंपन्यांत कामाला. त्या दर रविवारी दोन रिक्षा बदलून उपासनेला येतात आणि सगळ्यात मोठ्यानं गातात, बहुतेक वेळा चुकीच्या चालीत. त्यांना मी सांगितलं की असं असं आहे, त्या रविवारी बाकं रिकामी दिसता कामा नयेत. भरपूर माणसं आणा. त्या म्हणाल्या, "तू काळजी नको करू."

मी काळजी केली नाही. तीच तर करायला हवी होती.

त्या रविवारी सव्वासातला फाटकापाशी एक छोटा टेम्पो थांबला आणि त्यातून बायका उतरायला लागल्या. एक, दोन, मग मी मोजणं सोडलं. जरीच्या साड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, दोघीतिघींच्या हातात नारळ. त्यांच्यात दोन बायका पांढऱ्या साडीतल्या, मावशींच्या शेजारच्या गल्लीतल्या बौद्ध कुटुंबातल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जरा शंका होती. पुढं मावशी, लग्नातल्या वरमाईच्या थाटात. मी त्यांना बाजूला ओढलं.

"मावशी, या कोण?"

"मन्ही चाळमधल्या."

"यातल्या ख्रिस्ती किती?"

मावशींनी मलाच वेड्यात काढलं. "तूच सांगं व्हतं, मानसे लई ये. मी लई उनू. ख्रिस्तीच लई ये असं कव्हय सांगं?" माणसं घेऊन ये म्हणालीस, घेऊन आले; ख्रिस्तीच आण असं कधी म्हणालीस?

करायला गेले गणपती नि झाला मारुती, असं आमच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या. ख्रिस्ती घरात वाढून मला ती म्हण त्या सकाळी पहिल्यांदा नीट कळली. परत पाठवणार तरी कसं? सकाळची सगळी कामं टाकून, घरच्यांची बोलणी खाऊन आल्या होत्या बिचाऱ्या, एका म्हातारीचं चर्च बंद पडू नये म्हणून. मी नारळ काढून घेतले, घंटेखालच्या कोनाड्यात ठेवले आणि त्यांना बाकांवर बसवलं. बाकं भरली. मागच्या बाकावर सेक्रेटरीकाका आणि कमिटीतले आणखी एक गृहस्थ येऊन बसले, ते बघतच राहिले.

आणि उपासना सुरेख झाली, हे कबूल करायला हवं. त्या बायका भजनातल्या मुरलेल्या. दुसऱ्या कडव्यापासून चाल पकडली आणि तिसऱ्याला टाळ्या. आई दुसऱ्या बाकावरून मागं वळून बघून हसली. तिला वाटलं असेल, जुने दिवस आले.

मग प्रभुभोजनाची वेळ झाली. आमच्यात बाप्तिस्मा आणि दृढीकरण हे दोन्ही विधी झालेलेच लोक पुढं कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकतात, पाळकसाहेब भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस देतात. मावशींनी चाळीतल्या बायकांना सांगून ठेवलं होतं, मी करीन तसं करा. मावशी उठल्या. सगळ्या उठल्या. डोक्यावर पदर घेऊन, रांगेत, अगदी शिस्तीत, आमच्या मंडळीत कधी दिसली नाही अशा शिस्तीत, त्या कठड्याला येऊन बसल्या आणि ओंजळी पुढं केल्या. पांढऱ्या साडीतल्या दोघी मात्र बाकावरच बसून राहिल्या. माझी मान खाली गेली ती वर येईना.

पाळकसाहेब थांबले. द्यावं तर नियम मोडतो, न द्यावं तर घरी आलेल्या पाहुण्याला विन्मुख पाठवल्यासारखं. ते ओळीनं गेले. मंडळीतल्यांना भाकर दिली, बाकीच्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. सगळं निभलं असतं. पण एक म्हातारी ओंजळ मागं घेईना. आशीर्वाद झाला तरी तशीच बसून राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "माले बी दे ना भाऊ, परसाद."

मागच्या बाकावर कोणी तरी खोकलं. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवला, या वेळी बराच वेळ. उपासनेनंतर त्यांनी स्वतः कोनाड्यातला एक नारळ फोडला आणि अंगणात तिच्या हातावर खोबरं ठेवलं. म्हातारी खुश झाली. मी मात्र त्या आठवडाभर खाली मान घालून चालले.

मीटिंग पुढच्याच रविवारी, गुजराती उपासना संपल्यावर, चर्चच्या मागच्या खोलीत. मुलगी मैत्रिणींबरोबर बारडोलीला गेलेली, घरी आईजवळ बसायला कोणी नाही, म्हणून मी आईलाही घेऊन गेले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं, हातात पदराचं टोक दिलं. नाश्त्याला लोचो, इथला डाळीचा वाफवलेला पदार्थ, आला होता, तिला थोडा खाऊ घातला. ती दर पाच मिनिटांनी उठायची, मी तिला बसवायची, आणि मधल्या वेळात मी भांडत होते.

काय काय नाही बोललं गेलं. कोणी म्हणालं, देवाच्या मेजाची चेष्टा झाली. कोणी म्हणालं, माणसं भाड्यानं आणली. यावर मी भडकले. भाडं माझ्याकडून कोणी मागितलं नव्हतं, टेम्पोसुद्धा मावशींच्या भाच्याचा होता. सेक्रेटरीकाका तेवढे शांत होते. ते म्हणाले, "बेन, ते दिवशी मी मोजलं नाही, कारण मोजून काय करायचं? आज सकाळी पुन्हा तेवढेच सात जण." हे ते माझं मन राखायला, येते तेवढ्या मोडक्या मराठीत बोलले. त्या सकाळी खरंच आम्ही सातच जण होतो.

मी म्हणाले, या सातांतल्या एकीला दुसरी भाषा उरलेली नाही. तिला दहाच्या उपासनेत बसवून बघितलं होतं मी, ती मधेच उठून ड्युटीला निघाली होती. तिला वर्षानुवर्षं ओळखणारे तुम्ही, तुमच्यातल्या निम्म्यांच्या मुलांना पहिल्यांदा तिनं हातात घेतलं. हात वर झाले. माझा एक, बाकी सगळे दुसरीकडे. मराठी उपासना महिनाअखेर बंद.

"चालो," सेक्रेटरीकाका म्हणाले, "प्रार्थना." आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले.

मी तोंड उघडलं नाही.

माझा राग इतका होता की देवाचंही नाव घ्यावंसं वाटेना. हरले मी, आणि वर गोड शब्दांत देवाचे उपकारही मानू? बसा म्हटलं तसेच. रीत अशी की प्रार्थना झाल्याशिवाय कोणी उठू शकत नाही. पंखा फिरत होता. माझा पाय हलत होता. टेबल खडखडत होतं. कोणी डोळे उघडत नव्हतं, मीच काय ती उघड्या डोळ्यांनी त्या वाकलेल्या टकलांकडे बघत होते. माझी काही आता बोलायची इच्छा नव्हती, संध्याकाळपर्यंत बसायला लागलं तरी.

तेव्हा कोपऱ्यातून आईचा आवाज आला.

तिनं डोक्यावर पदर घेतला होता. हात मांडीवर स्थिर होते. सगळ्यांच्या माना खाली आणि कोणीच सुरुवात करत नाही म्हटल्यावर, वॉर्डात जसं कोणी पुढं होत नसलं की ती व्हायची, तशी ती पुढं झाली. म्हणाली, "हे दयाळू बापा, आजच्या उपासनेबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. फार बरं वाटलं आम्हांला. हे सगळे लोक कामं टाकून आलेत, त्यांना सुखरूप घरी पोचव. ज्यांचे पाय दुखतात त्यांना आराम दे. आणि पुढच्या रविवारी आम्हां सगळ्यांना पुन्हा इथं, या उपासनेला जमव. येशूच्या नावानं मागते, आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले.

मी म्हणाले की नाही आठवत नाही. आमच्या भांडणालाच ती उपासना समजली होती. तास दोन तास गुजरातीत चाललेली ती खडाजंगी, तिला वाटलं, देवाचं काम चाललंय.

सेक्रेटरीकाकांनी डोळे उघडले. "बाए शुं माग्युं?" त्यांनी मला विचारलं. प्रार्थनेतली मराठी त्यांच्या मराठीपलीकडची. बांनी, म्हणजे आईनं, काय मागितलं? मी एकेक वाक्य गुजरातीत सांगितलं, काही न गाळता. पायांचंही सांगितलं. त्यांचा हात नकळत गुडघ्यावर गेला.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आमेन तो आपणे बधाए कह्युं."

आमेन तर आपण सगळेच म्हणालो. आमेननंतर 'पण' म्हणायची सोय नाही, आणि ती रीत राखणारे स्वतः सेक्रेटरीकाका. त्यांनी आईकडे बघितलं. मग फाइल बंद करून उठले, तिच्यापाशी गेले, वाकून तिच्या हाताला हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बा छे त्यां सुधी चालशे."

बा आहेत तोवर चालेल.

मी घरी येऊन ढसाढसा रडले. आनंदानंच रडले तेव्हा. त्यांच्या वाक्याचा अर्थ पोचायला मला दोन रविवार लागले.

आता रविवारी मी फाटकातून आत शिरले की मंडळी आधी माझ्याकडे बघत नाही, माझ्या शेजारी बघते. आई कशी आहे? जेवते का? झोपते का? मावशींनी तिच्यासाठी खानदेशातून आणलेल्या लसणाची चटणी दिली आणि वर दम दिला, "माय, गोळ्या टायमावर घे हां." चाळीतल्या दोघीतिघी अजून येतात, गातात, प्रभुभोजनाला मागं बसून राहतात; त्यासुद्धा हेच विचारतात. सगळे प्रेमानं विचारतात. आणि मला माहीत असतं ते आणखी काय विचारतायत. मी तरी कुठं वेगळी आहे? तिला शिंक आली की माझ्या मनात आधी रविवार येतो, मग ती येते. याची मला लाज वाटते. पण तसं होतं खरं.

थंडीत तिला ताप आला. शनिवारी औषधानं उतरला, रविवारी पहाटे अंग पुन्हा कोमट लागलं. मुलगी म्हणाली, "मम्मी, एने सूवा दे ने." झोपू दे ना तिला. ती बरोबर होती. मी आईला स्वेटर चढवला, त्यावर शाल, कानाला मफलर, आणि रिक्षात घातलं. रस्ताभर तिच्या कपाळावर हात ठेवून बघत होते, आणि ती मला विचारत होती, "ड्युटी कुठं आहे आज?"

पोचलो तेव्हा साडेसात होऊन गेले होते. चर्चच्या पायरीवर मावशी आणि बाकीचे थंडीत काकडत उभे होते. दार बंद होतं. सेक्रेटरीकाका किल्ल्यांचा जुडगा हातात धरून फाटकापाशी आले आणि वाकून रिक्षात डोकावले.

"बा आव्यां?"

"आव्यां," मी म्हणाले. आल्या.

ते वळले, गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढले, आणि मग त्यांनी कुलूप काढलं.